चाकोरी सोडू नका

प्रति,
महाराष्ट्रातील ऑफ-रोड क्लबांचे आणि वाळवंटी मोहिमांचे संयोजक यांस,



दिवाळी सरली की तुमच्या डिसेंबरच्या मोहिमांची पत्रके फिरू लागतात. पहाटे पुण्या-मुंबईहून निघायचे, गुजरातेत एक मुक्काम, सांचोर-बाडमेरमार्गे जैसलमेर, मग समची वाळू, कुलधराचे ‘भुताचे गाव’, तनोट, लोंगेवाला आणि परत. अशा ताफ्यांतून मी स्वतः गाडी चालवत गेले आहे आणि पुढेही जाणार आहे. रुतलेली गाडी काढायला अनोळखी माणसे कशी धावून येतात, रात्री अकराला शेवटची गाडी मुक्कामी पोचेपर्यंत कोणी जेवायला कसे बसत नाही, हे मी पाहिले आहे. तुम्ही शिस्तीची माणसे आहात. म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मागणे एकच आहे. वाळूच्या धोऱ्यांवर, जिथे गाड्या नेण्याची मुभा आहे तिथे, हवी तेवढी हौस करा. पण धोरे संपले की मळलेल्या वाटेवरून गाडी खाली उतरवू नका आणि ताफ्यातल्या एकालाही उतरवू देऊ नका.

समच्या किंवा खुरीच्या वाळूत शिरण्याआधी आपण चारही चाकांची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत सोडतो. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि गाडी वाळूवरून तरंगत निघते. धोऱ्यावर सरळ चढायचे, आडवे कधीच नाही. माथा यायच्या अलीकडे ॲक्सिलरेटर सोडायचा. गाडी रुतलीच तर रेस देत बसायचे नाही. उतरायचे, चाकापुढची वाळू फावड्याने ओढायची, बोर्ड सरकवायचा. नव्या सभासदाला हे सगळे तुम्ही पहिल्याच सकाळी शिकवता आणि उत्तम शिकवता. मात्र चाकांत पुन्हा हवा भरून कंप्रेसर डिकीत गेला की पुढे जी जमीन लागते, तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

जैसलमेरभोवतीचा मोठा प्रदेश वाळूच्या टेकड्यांचा नाहीच. तो खडकाळ, सपाट आणि बारीक खड्यांनी मढलेला आहे. तिथले लोक त्याला मगरा म्हणतात. आपला समज असा की धोरा नाजूक आणि मगरा टणक, तेव्हा मगऱ्यावर गाडी कशीही हाकावी. प्रत्यक्षात उलटे घडते. धोऱ्यावरच्या आपल्या खुणा वारा बुजवतो. दुपारी आपण घातलेला सगळा धिंगाणा दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखूही येत नाही. मगऱ्यावर तसे होत नाही. तिथे वरचा खड्यांचा थर बोटभर जाडीचा असतो, आणि खालची बारीक, भुसभुशीत माती त्याच्याच आधाराने टिकून असते. दोन टनांची गाडी वळली की खडे बाजूला होतात, माती उघडी पडते, वारा ती उडवतो आणि पुढच्या पावसात पाणी त्याच चरांतून धावते. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनरल पॅटन यांनी रणगाड्यांच्या सरावाचे तळ उभारले होते. १९४२ ते १९४४ या काळात उठलेले चाकांचे आणि साखळ्यांचे पट्टे अजूनही तिथे दिसतात. आपली गाडी म्हणजे रणगाडा नव्हे, हे खरे. पण रणगाडे दोन वर्षांनी तिथून गेले. आपण दर डिसेंबरला येतो.

आता या जमिनीत आहे काय, ते सांगते.

बाडमेरकडून येताना जैसलमेरच्या सुमारे १७ किलोमीटर अलीकडे, पवनचक्क्यांच्या मुलखात, आकल लागते. पुण्याहून जवळपास १,२०० किलोमीटर अंतर कापून आलेला ताफा त्याच्या दारावरून जातो आणि बहुतेक वेळा थांबत नाही, कारण सगळ्यांना हॉटेलवर पोचायची घाई झालेली असते. आकल हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने घोषित केलेले राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. २१ हेक्टरांच्या उघड्या माळावर दगड झालेले २५ च्या आसपास वृक्षबुंधे पडलेले आहेत. सगळ्यांत मोठा १३.४ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद. वय सुमारे १८ कोटी वर्षे.

बुंध्यांवर लोखंडी पिंजरे आणि वर पत्र्याचे छप्पर आहे. गजांना कपाळ टेकवून सावकाश पाहावे. रंग तपकिरी, मध्येच तांबूस, कुठे जांभळट. लांबीच्या दिशेने लाकडाचे रेषे स्पष्ट दिसतात, एखादी गाठही दिसते. डोळे लाकूड म्हणतात, आणि समोर निव्वळ दगड असतो. झाड पडले, नदीच्या वाळूत गाडले गेले आणि हवा न लागल्यामुळे कुजायचे राहिले. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. ती एकेका पेशीत बसत गेली. लाकूड संपले, त्याची घडण दगडात उरली. आज जिथे सावलीसाठी झाड शोधावे लागते तिथे तेव्हा नद्या वाहत होत्या आणि रान होते.

ज्या खडकात हे बुंधे आहेत त्याला लाठी शैलसमूह म्हणतात. लाठी हे जैसलमेर जिल्ह्यातलेच एक गाव. नद्यांनी आणून टाकलेल्या त्या वाळूचा पुढे वालुकाश्म झाला, आणि त्याच वालुकाश्मात आज जिल्ह्याच्या भूजलाचा मोठा साठा आहे. गावोगावच्या नलकूपांना त्याच थरातून पाणी लागते. तेव्हा ‘जीवाश्म’ म्हणजे काही शास्त्रज्ञांची हौस आणि ‘पाणी’ म्हणजे गावकऱ्यांचा प्रश्न, अशी वाटणी इथे चालत नाही. खडक एकच आहे. आणि तो खडक आकलच्या कुंपणापाशी थांबत नाही. मोठे बुंधे गजांआड सुखरूप आहेत. पण ढलप्या, तुकडे, अजून कोणी न पाहिलेले अवशेष कुंपणाबाहेर उघड्यावर आहेत, ज्या मगऱ्यावर आपण ‘शॉर्टकट’ म्हणून गाडी घालतो तिथेच.

हे मी अंदाजाने बोलत नाही. गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा. २०१४ च्या जानेवारीत जयपूरला ज्युरासिक कालखंडावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्यानिमित्त जैसलमेरचे खडक पाहायला आलेल्या शास्त्रज्ञांना थईयात गावाजवळ डायनोसॉरच्या पावलांचे तीन बोटांचे ठसे दिसले. मोठा साधारण ३० सेंटिमीटरांचा, लहान जेमतेम साडेपाच सेंटिमीटरांचा. पुढे काही वर्षांनी त्यांतला एक ठसा जागेवरून नाहीसा झाल्याच्या बातम्या आल्या. २०२३ मध्ये जेठवाई गावाजवळ मिळालेल्या अवशेषांवरून आयआयटी रूडकी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या संशोधकांनी ‘थारोसॉरस इंडिकस’ या नव्या डायनोसॉरची नोंद केली. १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा, लांब मानेचा शाकाहारी प्राणी, आणि डिप्लोडोकॉइड नावाच्या मोठ्या गटातला तोवर जगात सापडलेला सर्वांत जुना. जेठवाई जैसलमेर शहराला लागूनच आहे. आपण त्याच्या आसपास डिझेल भरतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तर फतेहगढ भागातल्या मेघा गावी तळे खोदताना गावकऱ्यांनाच हाडे लागली. त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांना कळवले, भूवैज्ञानिक येऊन पाहून गेले, आणि ते अवशेष मगरीसारख्या दिसणाऱ्या फायटोसॉर या २० कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे असल्याचे त्यांनी सांगितले. तळे खोदणाऱ्या माणसांनी वेगळा दगड ओळखला आणि तो घरी नेला नाही. लाखांच्या गाड्या घेऊन येणाऱ्या आपण निदान एवढे तरी करायला हवे.

आता कुलधरा. जैसलमेरपासून साधारण १८ किलोमीटरवरचे हे ओस गाव आपल्या प्रत्येक पत्रकात ‘थरार’ या सदरात असते. गाइड सांगतो ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: दिवाण सालिमसिंहाची नजर गावातल्या एका मुलीवर गेली, ८४ गावांतले पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत उठून गेले, आणि इथे पुन्हा कोणी नांदणार नाही असा शाप देऊन गेले. सालिमसिंह खराच होऊन गेला, आणि त्याच्या जुलुमाबद्दल ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉड यांनी लिहून ठेवले आहे. पालीवाल गेले हेही खरे. एका रात्रीचा हिशेब मात्र जुळत नाही. इतिहासकार सय्यद अली नदीम रेझावी यांनी या गावाच्या अवशेषांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने सतराव्या-अठराव्या शतकांत इथे सुमारे १,५८८ माणसे राहत होती. १८१५ पर्यंत बहुतेक विहिरी आटल्या होत्या. १८५० च्या सुमारास एक बारव आणि दोन खोल विहिरी एवढेच पाणी चालू होते. १८९० मध्ये गावात ३७ माणसे उरल्याची नोंद आहे. म्हणजे गाव रात्रीतून उठले नाही, ते काही पिढ्या रिकामे होत राहिले. कोसळलेली छते आणि पडलेले खांब पाहून काही भूवैज्ञानिकांनी २०१७ मध्ये भूकंपाची शक्यताही मांडली आहे. जुलूम, दुष्काळ, भूकंप यांचे प्रमाण काय, यावर अभ्यासक बोलत राहतील. मला मात्र पाण्याची गोष्ट भुताच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक अंगावर येते. विहीर आटली म्हणून आधी एक घर जाते, मग दुसरे. शेवटी ३७ माणसे उरतात आणि तीही जातात. दसरा झाला की ऊसतोडीसाठी रिकामी होणारी गावे ज्यांनी बीडमध्ये, धाराशिवमध्ये पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट कोणी समजावून द्यायला नको.

भुताच्या गोष्टीवर माझा राग नाही. पण तिच्यामुळे आपण तिथे भिंतीच पाहतो आणि त्या भिंतींतली माणसे कशावर जगत होती हे विचारायचे राहून जाते. ती जगत होती खडिनांवर. उतारावरच्या खडकाळ मगऱ्यावर पडलेला पाऊस वाहत खाली येतो. तिथे त्याला आडवी, मातीची लांब पाळ घातलेली असते. पाणी तुंबते, गाळ बसतो, ओल मुरते, आणि पाणी ओसरल्यावर त्या जमिनीत गहू-हरभरा पेरतात. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस नसलेल्या मुलखात, वरून पाण्याचा थेंब न देता, रब्बीचे पीक उभे राहते. पालीवाल या शेतीत निष्णात होते. जैसलमेर जिल्ह्यात काही खडिनांत आजही पेरणी होते. आपले ताफे डिसेंबर-जानेवारीत जातात तेव्हा पीक शेतात उभे असते.

खाबा गावाच्या पुढे अशाच एका पाळीपाशी मी थांबले होते. पाळ कमरेएवढी उंच, वरून कुठे कुठे केर नावाची झुडपे. दोन चाकांचे पट्टे एका अंगाने सरळ वर चढून दुसऱ्या अंगाने खाली उतरलेले. माथ्यावर हातभर रुंदीच्या दोन खाचा पडलेल्या. त्यांतली माती सैल होऊन पुढे ओघळलेली, आणि केराचे एक झुडूप मुळांसकट आडवे. वाट पन्नास पावलांवर होती. म्हणजे जाण्यासाठी कोणी पाळीवरून गेले नव्हते. गाडी चढते का, हे कोणाला तरी पाहायचे होते. शेळ्या घेऊन उभे असलेले एक बाबा जवळ आले, खाचेत काठी टेकवून म्हणाले, ‘‘पानी अब इधर से निकल जाएगा।’’ त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, कोणाचे नाव विचारले नाही. मी काय उत्तर देणार होते? पाळ एका ठिकाणी कापली की पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी तिथूनच वाट काढते, खाच रुंदावते, आणि त्या वर्षीचे खडीन रिकामे जाते. गाडीवाल्याला मिळतात दहा सेकंद. समोरच्याचा एक हंगाम जातो.

कुलधराबद्दल आणखी एक गोष्ट गाइडच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. भूवैज्ञानिकांच्या लेखी ‘कुलधर’ हे जैसलमेर शैलसमूहातल्या एका थराचेही नाव आहे. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हा थर साचला. त्यात अमोनाइट सापडतात. वेटोळ्या शिंपल्याचे हे प्राणी आपल्या कोकणातल्या माकुळाच्या दूरच्या नात्यातले. पाण्याअभावी ओस पडलेल्या गावाच्या परिसरात समुद्राचा तळ उघडा पडलेला आहे! दोन-चार कोटी वर्षे इकडे की तिकडे, पण आकलचे रान, थईयातची पावले, जेठवाईचा डायनोसॉर आणि कुलधरचा समुद्र हे सारे एका दिवसाच्या गाडीप्रवासात बसते. ओस गाव आणि जीवाश्म एकमेकांशेजारी असण्याची इतकी समृद्ध जागा आपल्या देशात मला दुसरी माहीत नाही.

अशा जागेची नीट काळजी घेता येते, हे नेवाडा राज्याने दाखवून दिले आहे. तिथल्या डोंगराळ वाळवंटात बर्लिन नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्या-चांदीसाठी ते वसले आणि १९११ च्या सुमारास खाण बंद पडल्यावर ओस पडले. जवळच्याच घळीत शोनिसॉरस या जवळपास १५ मीटर लांबीच्या सागरी सरीसृपांचे सांगाडे आहेत. १९५४ पासून जीवाश्मशास्त्रज्ञ चार्ल्स कॅम्प यांनी तिथे उत्खनन केले, १९५७ मध्ये उद्यान झाले. काही सांगाडे उचलून संग्रहालयात न नेता होते तिथेच ठेवले आणि त्यांच्यावर छप्पर बांधले. गावाला नवा रंग दिला नाही. घरे आहेत त्या अवस्थेत, आणखी ढासळू न देता, जपली. तिथे पोचायचा शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा आहे, म्हणजे गाडीवाल्यांचे मनही मोडत नाही. रस्ता आखलेला आहे आणि माणसे त्यावरून जातात, बस्स.

आपल्याकडे भूवारसास्थळांच्या संरक्षणासाठीच्या विधेयकाचा मसुदा २०२२ च्या डिसेंबरात लोकांसमोर आला. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. मगऱ्यावर मैलामैलाला पहारेकरी उभा करता येणार नाही, हे तुम्हीही जाणता. तिथे कायदा पोचायच्या आधी तुमच्या वॉकी-टॉकीवरचा आवाज पोचतो. पुढच्या गाडीतून तुम्ही ‘‘वाटेवर राहा’’ म्हणालात की मागच्या सगळ्या गाड्या वाटेवर राहतात. हा अधिकार आज कोणत्याही सरकारी खात्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे.

माळढोकाबद्दलही बोलायलाच हवे, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. माझ्या पिढीने शाळेच्या सहलीत तिथे माळढोक पाहिला आहे. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ संपला. जगात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक आता जैसलमेरच्या बाजूला आहेत, आणि त्यांची एकूण संख्या शंभर-दीडशेच्या घरात सांगितली जाते. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी आहे. मादी उघड्या जमिनीवर, सेवण गवताच्या आडोशाने, बहुधा एकच अंडे घालते. विणीचा मुख्य काळ पावसाळ्याचा. म्हणून थारच्या वाळवंटात ‘मान्सून ड्राइव्ह’ काढायची जी नवी टूम निघाली आहे, ती कृपा करून सोडून द्या. पावसाळ्यात सह्याद्री आहेच. सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान समला अगदी लागून आहे. तिथे परवानगीशिवाय शिरणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नकाशावर ती हद्द ठळक दिसते. हिवाळ्यात वीण नसते म्हणून माळरान मोकळे असते, असेही नाही. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा थंडीत बिळाचे तोंड मातीने बंद करून आत पडून राहतो. वरून सपाट, रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीखाली तो असतो. शिवाय पोखरण आणि चांदण या दोन्ही बाजूंना सैन्यदलांच्या गोळीबार सरावाच्या रेंज आहेत. तिकडे वाट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ, हे वेगळे सांगायला नको.

‘मग उरले काय?’ असे तुमच्यापैकी कोणी विचारील. खूप काही उरते. खुरीकडचे आणि खाब्याकडचे जुने कच्चे मार्ग खडबडीत आहेत, मध्ये वाळू साचलेली असते, कोरड्या नदीपात्रांतून उतरावे-चढावे लागते. फोर-लो लावायची वेळ तिथेही येते. या वाटा उंटांनी, बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी मळवल्या आहेत आणि त्यांच्यावर आपली गाडी गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. धोऱ्यांचा थरार हवा तर समला सफारीच्या जीपगाड्या रोज जिथे फिरतात ती वाळू आहे. ताफ्याच्या पुढे स्थानिक चालकाची गाडी घ्या, त्याला पूर्ण दिवसाचे पैसे द्या. जीपीएसवरचा मार्ग आपल्याकडे असतो, पण ही खडिनाची पाळ, ही ओरण म्हणून राखलेली देवाची जमीन, इथे परवा मेंढ्या व्यायल्या, हे त्याला माहीत असते. ओरणात गावकरी फांदीसुद्धा तोडत नाहीत. तिथे चूल मांडून तंबू ठोकणारे ताफे मी पाहिले आहेत, आणि गावाने हात जोडल्यावर ते उठलेही आहेत. पण हात जोडायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

वेळापत्रकात आकलला दीड तास ठेवा, संध्याकाळी पोचायच्या घाईत नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तिरपी असताना. कुलधराहून खाब्याला जा. तेही पालीवालांचे ओस गाव, पण तिथल्या छोट्या किल्ल्यात या परिसरातले खडक आणि जीवाश्म मांडून ठेवले आहेत, आणि तटावरून खाली उजाड घरांच्या रांगा एका नजरेत येतात. भुताच्या व्हिडिओसाठी फाटक बंद झाल्यावर आत शिरणाऱ्यांना ताफ्यात पुन्हा घेऊ नका. जमिनीवरचा वेगळा दगड दिसला तर त्याच्याशेजारी नाणे ठेवून फोटो काढा, जागेची नोंद करा, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा आणि दगड आहे तिथे राहू द्या. उचललेल्या जीवाश्माची जागा गेली की त्याची अर्धी माहिती गेली. मुलांना आठवण हवीच असेल तर बाजारात हाबूरच्या दगडाच्या वाट्या मिळतात. त्यात दही लागते असे विकणारा सांगेल, आणि वाटीच्या अंगावर समुद्री जीवांच्या खुणा तुम्ही स्वतः पाहाल. त्या वाटीचे पैसे निदान कारागिराच्या घरी जातात.

विदर्भातल्या क्लबांना एक वेगळी विनंती. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधम येथे ज्युरासिक काळातल्या दगडी वृक्षांचे उद्यान आहे. जैसलमेरला जाण्याआधी एकदा तिकडे जाऊन या. आणि कोकणातल्या मंडळींना तर मी काय सांगावे? सड्यांवरची कातळशिल्पे उघड्या जांभ्यावर कोरलेली आहेत. त्यांच्यावरून गाडी नेण्याची कल्पनाही तुम्हाला सहन होणार नाही. थईयातचा ठसा तसाच उघड्या खडकावर होता.

या पत्रातले सगळे एकदम जमणार नाही, हे मी समजते. तेव्हा या डिसेंबरपुरते एवढे तरी ठरवा: निघण्याआधीच्या सभेत हवा कमी करण्याबरोबर खडिनाची पाळ ओळखायलाही शिकवा. आणि एवढे करूनही आपल्यातल्या कोणाच्या चाकाने पाळ कापली गेलीच, तर ताफा तिथेच थांबवा. पुढच्या गावात जाऊन खडीन कोणाचे आहे ते शोधा, त्यांना बोलावून आणा. फावडी आपल्याकडे प्रत्येक गाडीत असतात. ते सांगतील तिथली माती आणून, ते म्हणतील तितकी चोपून, पाळ भरून द्या आणि मगच पुढे निघा, मग त्या दिवशी तनोट राहिले तरी चालेल.

आपली,
पुण्याहून ताफ्यात येणारी एक गाडीवाली